धाकट्या जावेचं माहेरचं नाव

माझी धाकटी जाऊ आता हाकेला ओ देत नाही. कान तिचे शाबूत आहेत. स्वयंपाकघरात पातेलं पडलं तर ती दचकते, कावळा ओरडला तर मान वळवून बघते. पण तिचं नाव घेतलं की चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. शेजारणीला कुणी बोलावत असावं तशी ती बसून राहते. सुरुवातीला मला रागच यायचा. आयुष्यभर एका घरात रांधलं-वाढलं, आणि आता बाईसाहेबांना माझी हाक ऐकू येत नाही म्हणजे काय! मग तिनं जेवण सोडलं. घास तोंडापाशी नेला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. तेव्हा माझा राग कुठच्या कुठे पळाला.

तिला भूल पडत चालली आहे हे आम्हाला आधीच कळलं होतं. पहिल्यांदा तेलाची बरणी कुठे ठेवली ते विसरायची, मग भाजीत तेल घातलं की नाही ते, मग हे घर कुणाचं ते. दिग्रसचे डॉक्टर म्हणाले, वय झालं. यवतमाळच्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, उजेडावर धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, यातून मागे येणं नाही. जेवण सुटल्यावर गाडी करून पुन्हा त्यांच्याकडे नेलं. त्यांनी नाकातून नळी घालायचं सुचवलं. मी नको म्हटलं. माझ्या सासूबाईंना शेवटी तशी नळी घातली होती आणि ती ओढून काढू नये म्हणून त्यांचे हात खाटेला बांधावे लागले होते. ते मी पाहिलं आहे. त्यावर डॉक्टर म्हणाले, "लहानपणी यांना घरात ज्या नावानं बोलवायचे, त्या नावानं हाक मारून बघा. कधी कधी माणूस तेवढ्याला ओ देतो. ओ दिली तर चार घास जातील."

किती सोपं करून सांगितलं त्यांनी. त्यांना काय माहीत, या बाईचं लहानपण हंगेरीत गेलं आहे आणि तिला तिथे घरात काय म्हणायचे हे सांगू शकेल असं कुणीही आता उरलेलं नाही.

माझा दीर कापसाच्या यंत्रांचं शिक्षण घ्यायला शिष्यवृत्तीवर त्या देशात गेला होता. आमची तेव्हा दिग्रसला जिनिंग होती, कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. पोरगा शिकून येईल आणि धंदा हाती घेईल, असा सासऱ्यांचा मनसुबा. पोरगा शिकून आला तो हिला घेऊनच. उंच, हाडापेरानं मजबूत, केस मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे. अख्खी गल्ली बघायला लोटली. सासूबाईंनी अबोला धरला, जेवण टाकलं, सगळे प्रकार करून झाले आणि शेवटी म्हणाल्या, "आता आनलीच हाय तं लगन आपल्या रीतीनं लागन."

आपल्या रीतीनं म्हणजे नाव बदलणं आलंच. ताटात तांदूळ पसरले, दिरानं सोन्याच्या अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं. आमच्या घरात सुनांची नावं सासूबाई ठरवायच्या आणि त्यांना नद्यांचा भारी सोस. मला एका नदीचं नाव मिळालं होतं, हिला दुसऱ्या नदीचं. माझ्या लग्नात मी ताटात डोकावून माझं नवं नाव वाचलं तेव्हा शाळेत परक्या वर्गात बसवल्यासारखं झालं होतं. पण तोंडातून ब्र काढला नाही. त्या दिवसापासून माझं जुनं नाव फक्त माहेरी चालायचं, आणि आता माहेरीही ते घेणारं कुणी नाही. हिनं मात्र ताट चक्क दोन्ही हातांनी उचललं, न वाचता येणारी ती अक्षरं निरखली आणि खळखळून हसली. तिला वाटलं असावं, हा लग्नातला एखादा खेळ आहे, उद्या संपेल.

तिचं माहेरचं नाव एर्झेबेत. सासूबाईंना ते जन्मात म्हणता आलं नसतं. दिरानं समजावून बघितलं की इंग्रजांच्या राणीचं एलिझाबेथ ते हेच, फक्त तिकडच्या वळणाचं. सासूबाई म्हणाल्या, "मंग तं मुळीच नको. राणी कायले पायजे घरात? भांडे कोन घासन?"

भांडी तिनं घासली. सगळंच केलं. मराठी ती आमच्याकडूनच शिकली, म्हणजे वऱ्हाडीच शिकली. पाहुणे यायचे, ही गोरीगोमटी बाई डोक्यावर पदर घेऊन पाणी द्यायची आणि म्हणायची, "काहून वो, लय दिसानं आले?" पाहुण्यांच्या हातातला पेला हलायचा. सासूबाईंना त्याचा इतका अभिमान वाटायचा की मुद्दाम तिला बोलतं करायच्या. मला कुणी कधी मुद्दाम बोलतं केलं नाही, आणि याची मला जळफळाट होण्याइतकी चीड होती. आमच्यात जिव्हाळा जडला तो फार उशिरा, आणि तोही मिरच्यांमुळे. तिच्या गावी घराच्या भिंतीवर लाल मिरच्यांच्या माळा टांगतात म्हणे. वर्षाचं तिखट करायच्या दिवसांत अंगणात मिरच्या वाळत घातल्या की ती त्यांच्या राशीजवळ जाऊन नुसती उभी राहायची. एकदा दुपारी आम्ही दोघी मिरच्यांची देठं खुडत बसलो होतो. सासूबाई झोपल्या होत्या.

"तुले तुहं जुनं नाव आठवते का वो?" मी विचारलं.

"आठवते ना ताई. सोताचं नाव का इसरते कोनी?"

"बदललं तं वाईट नाई वाटलं?"

तिनं नाक पदरानं पुसलं. "आमच्याकडच्या जुन्या बायाचं तं नावच मिटवून टाकते. लगन झालं का नवऱ्याच्या नावाले मांगून 'ने' लावते, म्हंजे फलान्याची बायको. बस. माह्या मायले पोष्टमन बी तसाच बोलवे. तुमी निदान नवं देता."

"म्हंजे उपकारच केले आमी."

"मंग का तं!"

आम्ही दोघी हसलो आणि मिरचीच्या खकाण्यानं दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यामुळे कोण कशासाठी रडतंय हे विचारायची गरज पडली नाही. पण मी तेव्हा पुढचा प्रश्न विचारला नाही, की माय तुला कुठल्या नावानं बोलवायची. सुचलंच नाही. आपण कुणाला असं विचारतो का कधी?

दिरानं तिला चारचौघांत नावानं कधीच हाक मारली नाही. 'ऐकलं का' एवढंच. बायकोचं नाव तोंडात घेणं तेव्हा आमच्याकडे शोभत नसे, आणि परदेशात शिकून आलेला पोरगाही त्यात कच्चा निघाला नाही. माझे हे तर तिचे भासरे, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यांच्याशी तर अंतर राखायचंच. ते सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, येऊन बसले की ती पदर पुढे ओढून मान खाली घालायची. तिनं चहा करावा असं वाटलं तर ते मला सांगायचे, "चहा टाकाले सांग," आणि ती हाताच्या अंतरावर उभी असायची. असं सगळं आयुष्य गेलं. त्या दोघांच्या खोलीतून मात्र त्यांची ती भाषा ऐकू यायची, पाण्यात खडे पडल्यासारखी, आणि तिचं हसू. त्या भाषेत तो तिला काहीतरी म्हणतच असणार. पण दुसऱ्याच्या खोलीशी कान लावायची मला सवय नाही.

कोरोनात दीर गेला. त्यांना मूल झालं नाही. तिचा एक भाऊ होता तिकडे, तो त्याच्याही आधी वारला होता आणि फोन येणं थांबलं होतं. दीर गेला त्या दिवशी ती भाषा आमच्या घरातून उठली, आणि तिचं जे काही नाव असेल ते त्याच्यासोबत गेलं.

डॉक्टरांकडून आल्यावर मी आधी सरळ 'एर्झेबेत' म्हणून पाहिलं. खुर्चीसमोर बसले, वरण-भाताची वाटी हातात, आणि हाक मारली. काही नाही. माझी मुलगी यवतमाळला कॉलेजात शिकवते, ती रविवारी आली तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू मला घरात कधी पूर्ण नावानं बोलावलंस का? चिडलीस तरच. तिचंही काहीतरी लाडाचं नाव असेल." मग ती फोन घेऊन बसली आणि दिवसभर मला वाचून दाखवत राहिली. मी वीस वर्षं शाळेत पोरींना मराठी शिकवलं, शब्द कुठून कसा येतो याची मला आवड आहे. दुसरी कुठली वेळ असती तर मला मजा वाटली असती.

ते नाव मुळात हंगेरीचं नाहीच. ज्यूंच्या जुन्या हिब्रू भाषेतलं आहे, एलिशेबा. त्याचा अर्थ 'देव हीच माझी शपथ' असा काहीतरी लावतात. काही जण दुसराही अर्थ सांगतात. तिथून ते ग्रीकांकडे गेलं, मग लॅटिनमध्ये, मग ख्रिस्ती धर्माबरोबर युरोपभर. हंगेरीत त्या नावाची एक राजकन्या होऊन गेली, गोरगरिबांना भाकरी वाटणारी, तिला पुढे संत मानलं, आणि मग तिथे घरोघर एर्झेबेत झाल्या. तेच नाव स्पेनमध्ये इझाबेल होतं, रशियात येलिझावेता, पोलंडमध्ये एल्झबिएता. आमच्या शेजारी मेकॅनिक चाचांचं घर आहे. चाची दुपारी डोकावल्या, त्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "हमारे में भी रखते ना, अलीशबा. वही होगा." मुलीनं फोनमध्ये बघितलं, तर खरंच, त्याच मुळातलं मानतात. म्हणजे ते नाव कुठून कुठून फिरत आमच्या गल्लीतही पोचलं होतं. आमच्याच दारात तेवढं आम्ही त्याला अडवलं.

वाचता वाचता मुलगी थांबली. "आई, काकूचा वाढदिवस आपण कधी करतो?"

"नोव्हेंबरात. कापूस घरात येते तेवा."

"तो तिचा वाढदिवस नाही."

त्या देशात कॅलेंडरातल्या प्रत्येक दिवसाला नावं वाटून दिलेली असतात. आपल्या नावाचा दिवस आला की माणसं गोडधोड करतात, एकमेकांना फुलं देतात. एर्झेबेत या नावाचा दिवस नोव्हेंबरात येतो. दरवर्षी त्या दिवशी ती मैद्याच्या जाड पोळीत खसखस आणि साखर गुंडाळायची आणि वाळू तापवलेल्या पातेल्यात ती वळकटी भाजायची. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं ती केली तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, आज काय आहे? दीर म्हणाला, "हिचा दिस हाय आज." हिचा दिवस म्हणजे वाढदिवसच, दुसरं काय असणार! सासूबाईंनी लगेच पाट मांडला, तिला बसवलं, ओवाळलं, खणानारळानं ओटी भरली आणि आपण दिलेलं नदीचं नाव घेऊन म्हणाल्या, औक्षवंत हो. पुढे दरवर्षी तेच. सासूबाईंनंतर मी ओवाळलं. तिच्या जुन्या नावाच्या दिवशी, तिला पाटावर बसवून, नव्या नावानं. तिनं एकदाही सांगितलं नाही. दिरानंही नाही. एवढ्या मोठ्या चुकीत ती दर नोव्हेंबरात हसत बसली, कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि आम्हाला खसखशीची वळकटी कापून दिली.

मला इतका संताप आला की मी उठून तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "बोलली काहून नाई वो? तोंड नव्हतं का तुले?" ती माझ्या पोटाकडे बघत होती. तिला काय ओरडायचं, मी बसले खाली आणि रडले.

मग लाडाची नावं. ती भाषा या बाबतीत फार उधळी आहे. एका एर्झेबेतची एर्झी होते, एर्झिके होते, बेत्ती, लिझा, ओर्झे, झोका, आणि अजून कितीतरी. मुलीनं त्यांचे उच्चार फोनवरून ऐकवले आणि मी ते घोटून पाठ केले. रोज जेवणाच्या वेळी एकेक. एर्झी म्हटलं, ती भिंतीकडे बघत राहिली. एर्झिके म्हटलं, ती गाऊनची गुंडी पिरगाळत बसली. झोका म्हटलं तेव्हा हे सपरीतून म्हणाले, "झोका? हे तं पाळन्याचं सामान झालं." मीही हसले, पण ती हसली नाही आणि वाटीतला भात गार झाला. चार-दोन चमचे पाणी, थोडं दूध, एवढ्यावर ती दिवस काढत होती. मनगटं काडीसारखी झाली. चाची कुरआनातलं काही म्हणून तिच्यावर फुंकर घालून गेल्या, मी देवीला नारळ बोलले. कुणाचंच काही चाललं नाही.

एक नाव मी मागे ठेवलं होतं, कारण ते मला आवडलंच नव्हतं. बोश्के. ऐकायला कसं धसमुसळं, बोचकं उचलून आपटल्यासारखं. मुलगी म्हणाली, ते खेड्यातलं, जुन्या वळणाचं आहे, आता पोरींना तसं कुणी म्हणत नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही तरी कुठली शहरातली! हिच्या घरी कोंबड्या होत्या, मिरच्या होत्या, मायला पोस्टमन नवऱ्याच्या नावानं बोलवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला न्हाऊ घातलं, केसांची बारीकशी वेणी घातली आणि वाटी घेऊन बसले. वेणी घालताना मी तिच्या मागेच होते, तिथूनच म्हटलं, "बोश्के."

तिची मान वर झाली. अंगणातल्या फाटकाकडे. "योवोक," ती म्हणाली. लख्ख आवाज, पोरीबाळीचा. किती महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकत होते. पुन्हा म्हणाली, "योवोक!" आणि तोंड उघडं राहिलं, तेवढ्यात मी मागून हात घालून घास भरला. तिनं चावला. गिळला. मी पुन्हा बोश्के म्हटलं, तिनं पुन्हा योवोक. अख्खी वाटी संपली. शेवटच्या घासाचं वरण तिच्या हनुवटीवर ओघळलं, ते मी पदरानं पुसलं.

"ओळखलं तिनं!" मी ओरडतच सपरीत गेले. "ओळखलं, अन् जेवली!"

ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना असं फार थोड्या वेळा पाहिलं आहे. चाचींकडे शिरा पाठवला, मुलीला फोन केला. पुढचे काही दिवस आमच्या घरात सणच होता. मी बोश्के म्हणायचे, ती फाटकाकडे बघून उत्तर द्यायची आणि जेवायची. हळूहळू ती जास्त बोलायला लागली. योवोकनंतर एक लांबलचक वाक्य, दर वेळी तेच, थोडं रडवेलं, थोडं घाईचं. बोलताना पाय चपला शोधायचे. मला वाटायचं, अंगात ताकद आली, हिंडावंसं वाटत असेल. मी तिच्या पाठीवर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "जाऊ, जाऊ, आदी जेव."

एक दिवस हे म्हणाले, "मी बोलवून पाहू का?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. भासऱ्यानं भावसुनेला नावानं हाक मारायची! ते काठी टेकत आत आले, उंबऱ्यापाशी उभे राहिले, भिंतीकडे नाही, सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, "बोश्के." घसा साफ करून पुन्हा म्हणाले.

तिची मान खाली गेली. हात खांद्यावर पदर शोधू लागला. अंगात गाऊन होता, पदर कुठला मिळणार! तिनं गाऊनचा गळाच धरून डोक्याकडे ओढायला सुरुवात केली. ओठ मिटलेले. ती सगळं विसरली होती, नवरा विसरली, मला विसरली, आणि भासऱ्यासमोर डोकं झाकायचं तेवढं हाडात राहिलं होतं. हे तिथून परत फिरले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

रविवारी मुलगी आली. मला तिला कधी एकदा दाखवते असं झालं होतं. मी मागे बसले, वाटी घेतली, हाक मारली. तिनं तिचं उत्तर दिलं आणि ते लांब वाक्यही म्हटलं. मुलगी म्हणाली, "आई, ती इतकं नीट बोलतेय तर फोनकडून मराठी करून घेऊ की." पूर्वी आम्ही तसं करून पाहिलं होतं, पण तेव्हा ती नुसतं पुटपुटायची आणि फोनला काही लागत नव्हतं. आता मुलीनं फोन तिच्या तोंडाजवळ धरला. मी हाक मारली. ती बोलली. फोनमधली बाई बातम्या वाचल्यासारख्या शुद्ध मराठीत म्हणाली, "येते, आई, येते. पण ही माणसं मला सोडत नाहीत."

मुलीनं पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच.

सपरीत ह्यांची काठी खाली पडल्याचा आवाज आला.  ती फाटकाकडे बघून आईला समजावत होती, आणि आता मला तिच्या बोलण्यातला प्रत्येक शब्द कळत होता. मी तिच्या मागे बसायचे म्हणून तिला दिसायचे नाही. बाईचा आवाज, लहानपणचं नाव. तिला वाटत होतं आई बाहेर येऊन उभी आहे, हाक मारते आहे, आणि आत येत नाही. ही माणसं म्हणजे कोण? तिला न्हाऊ घालणारी, वेणी घालणारी, तिचे मुतलेले कपडे धुणारी माणसं. आम्ही. एवढ्या वर्षांत तिनं आमच्याविरुद्ध एक अक्षर काढलं नव्हतं. आता काढलं, ते कळलं फक्त फोनला.

"बंद कर ते नाव," हे म्हणाले. "तिची माय कायले उभी करतं रोज दारात?"

मी बंद केलं. दोन दिवस आमच्या नदीच्या नावानं हाक मारली, समोर बसून, हसून, गोंजारून. ओठ शिवल्यासारखे. नाव न घेताही भरवून पाहिलं. गालात ठेवलेला भात तिनं तसाच बाहेर सोडला. तिसऱ्या दिवशी तिला उठवेना. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, मग नळी घालू या का?" मला सासूबाईंचे बांधलेले हात दिसले. मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही बाहेर जाऊन बसा." ते चाचांच्या दुकानाकडे गेले आणि मी वाटी घेऊन पुन्हा तिच्या मागे बसले.

तेव्हापासून असंच चाललं आहे. कुणाला विचारायचं की हे बरोबर की चूक? डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, जेवते आहे ना, मग चालू द्या. ती सुधारणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं आहे. एक दिवस हेही नाव तिच्यापर्यंत पोचणार नाही, आणि त्या दिवसाची मी वाट बघते की त्याला भिते, मला सांगता येत नाही. सकाळी आणि संध्याकाळी मी वाटी घेऊन तिच्या मागे बसते. बोश्के म्हणते. तिच्या आईची बोलण्याची लकब कशी असेल ठाऊक नाही, पण मी आवाज जमेल तेवढा मऊ करते. ती योवोक म्हणते, तोंड उघडतं, आणि आईकडे जायला ती खुर्चीतून उठू लागते. मी उजव्या हातानं घास भरवते आणि डाव्या हातानं तिला खांद्याला धरून खाली दाबून ठेवते.